पाय उचलायचा, टाकायचा नाही

शारजात राहिलो ती सगळी वर्षं माझ्या व्हिसावर माझा धंदा ‘सुतार’ असा लिहिलेला होता. आयुष्यात मी एकही खुर्ची केलेली नाही. एकदा बायकोच्या आग्रहाखातर स्वयंपाकघरात फळी ठोकली, ती संध्याकाळच्या आत बरण्यांसकट खाली आली. तरी सरकारदरबारी मी सुतार, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही. दिवसभर मी लाकडावर लाकूडच आपटायचो.

मी नट्टुवनार. भरतनाट्यम कधी पाहिलं असेल तर आठवून बघा, स्टेजच्या कडेला काही माणसं मांडी घालून बसलेली असतात. त्यांतल्या एकाच्या हातात दोन छोट्या झांजा असतात, एक पितळेची आणि एक पोलादाची. तो झांजा वाजवतो आणि तोंडाने तकधिमी तकझणु असले बोल फेकतो. या बोलांच्या सलग रचनेला आम्ही जती म्हणतो. लोकांना वाटतं मुलगी नाचतेय. आम्हाला वाटतं, आम्ही तिला नाचवतोय. शिकवताना झांजा नसतात. समोर फणसाच्या लाकडाचा एक बसका ठोकळा आणि हातात एक आखूड काठी. ठोकळ्यावर काठी पडली की मुलीचा पाय जमिनीवर पडला पाहिजे. माझा ठोकळा आजोबांचा. मधोमध त्याला खड्डा पडलाय. तीन पिढ्यांनी ठोकून ठोकून पाडलेला खड्डा हीच आमची स्थावर मालमत्ता.

आजोबा तंजावरकडच्या एका गावातून मुंबईला, माटुंग्यात आले. वडिलांनी घाटकोपरला क्लास काढला. घरासमोर रस्ता ओलांडला की म्युनिसिपालटीची मराठी शाळा होती, म्हणून मी मराठीत शिकलो. आई तमिळमध्ये ओरडायची, गुरुजी मराठीत मारायचे, त्यामुळे दोन्ही भाषा हाडात मुरल्या. पुढे शेजारच्या नलिनीशी लग्न केलं आणि तिसरी भाषा शिकलो, ती म्हणजे गप्प बसण्याची. नलिनी नर्स. कुवेतची लढाई संपल्यावर लगेच तिला शारजात एका क्लिनिकमध्ये नोकरी लागली. बायकोच्या नोकरीमागून जाणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच पुरुष.

तिच्या पेशंटपैकी एक हसनभाई, दापोलीकडचे. त्यांचा इंडस्ट्रियल एरियात फर्निचरचा कारखाना. माझ्या व्हिसाचा प्रश्न त्यांनी उभ्या उभ्या सोडवला.

“मास्तर, तुमी दिवसभर काय करताव?”

“लाकडावर काठी आपटतो.”

“मंग झाला तर! सुतार.”

मी म्हटलं, “हसनभाई, ही कला आहे.”

“आमचा सुतार पन तसाच बोलतंय,” ते म्हणाले, “पगार मागताना.”

क्लास घरीच. शारजातल्याच रोला भागाजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलमधला सोफा भिंतीला उभा केला की नृत्यशाळा तयार. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला हे पसंत नव्हतं. बिल्डिंगचा राखणदार, ज्याला तिथे नातूर म्हणतात, तो दर आठवड्याला वर यायचा. “उस्ताद, नीचेवाला बोलता है ऊपर फॅक्टरी चालू है.” एकदा तो मालकाच्या माणसालाच घेऊन आला. अंगात पांढराशुभ्र पायघोळ अरबी झगा, कंदुरा, हातात जपमाळ. त्याने दारातले मुलींच्या चपलांचे ढीग पाहिले, उभा सोफा पाहिला आणि मला विचारलं, “शुगल? व्हॉट वर्क?”

मी पासपोर्टवरचा शिक्का दाखवला. सुतार. मग पुरावा म्हणून ठोकळा आणि काठी दाखवली.

त्याने ठोकळा उलटसुलट करून पाहिला. “टेबल?”

“नॉट फिनिश्ड,” मी म्हणालो.

“इन्शाल्ला,” तो म्हणाला आणि गेला. खालचं कुटुंबच मग घर बदलून गेलं. टेबल अजून व्हायचंय.

गिऱ्हाइकं एकेक अशी की त्यांच्यावर वेगळा लेख होईल. बँकेतल्या एका बापाने पहिल्याच दिवशी सिलॅबस मागितला आणि कोर्स कधी ‘कम्प्लीट’ होणार ते लेखी द्या म्हणाला. मी म्हटलं, आमच्या वडिलांचा अजून झाला नव्हता तेव्हा ते गेले. तो मुलीला घेऊन कराटेला गेला. एका बाईने विचारलं, एवढे पाय आपटून कॅलरीज किती जळतात? मी पोटावर हात ठेवून म्हणालो, “बघा, तुम्हीच ठरवा.” तीही गेली. जीभ आवरली असती तर दुबईत फ्लॅट घेतला असता, असं नलिनी अजून म्हणते.

पण जे टिकले त्यांचा तरी काय उजेड? आमच्यात अरंगेत्रम म्हणजे मुलीने पहिल्यांदा स्टेजवर चढणं. गुरूने घातलेली पहिली पायरी. तिथून नाचणं सुरू होतं. मी आखातात जेवढी अरंगेत्रमं केली, ती सगळी शेवटची ठरली. समई लावायची, हॉल घ्यायचा, मद्रासहून साड्या मागवायच्या, फोटो, व्हिडिओ, बुफे. दुसऱ्या दिवशी घुंगरं माळ्यावर आणि मुलगी ट्यूशनला. मी नाच शिकवत होतो असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मी समारंभ पुरवत होतो.

आता आमच्या घराण्याचा कायदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आम्ही दुसऱ्यांच्या मुलींना नाचायला शिकवतो. आपल्या मुलींना नाही.

आजोबांची थोरली बहीण देवळात नाचायची. ती नाचायला उभी राहिली की दिव्याची वात हलायची थांबते, असं म्हणत. मग काळ उलटला. कुणाच्या तरी लग्नात ती नाचत असताना पंगतीतल्या एका गृहस्थाने आजोबांना बाजूला घेऊन तिचा ‘भाव’ विचारला. तो सहज विचारतात तसं विचारत होता, हेच आजोबांना सहन झालं नाही. त्यांनी बहिणीची घुंगरं काढून घेतली आणि सांगितलं, या घरातली पोर पुन्हा पायांत हे बांधणार नाही. गंमत बघा, थोड्याच वर्षांत सभ्य घरांतल्या मुली तोच नाच शिकायला आमच्याच दारात आल्या, आणि आजोबांनी त्यांना शिकवलं. आत्याआजी आत स्वयंपाकघरात तांदूळ निवडायची आणि बाहेर बोल चालायचे. ती मेली तेव्हाही तिच्या पायांचे अंगठे हलत होते, असं आई सांगायची. आईला नाटकी बोलायची सवय होती. पण मला ते खरं वाटतं.

मला एकच मूल, मुलगी. कल्याणी. म्हणजे कायद्याने माझ्यानंतर कुणी नाही. हे साधं गणित नलिनी मला वर्षानुवर्षं समजावत होती.

“लोकांच्या पोरी नाचवता, आणि पोटची पोर पाण्याच्या बाटल्या भरते.”

“तिला अभ्यास आहे.”

“तुमच्या त्या लाडक्या शिष्येला, निकिताला, नाही वाटतं अभ्यास?”

“नियम आहे तो.”

“कुणाचा? ज्यांनी केला ते गेले. ज्या बाईवर केला ती गेली. तुम्ही काय राखण करत बसलायत?”

मी उत्तर द्यायचो नाही. तिसरी भाषा.

कल्याणी क्लासमध्ये दार उघडायची, हजेरी घ्यायची, चपला जोडीने लावायची. कोपऱ्यातल्या टेबलावर तिचा गृहपाठ. गणितं करताना टेबलाखाली तिचा पाय चालायचा. मी समोरच्या मुलींच्या पायांकडे बघत असूनही तो मला दिसायचा. “कल्याणी, पाय हलवू नकोस,” मी म्हणायचो. ती थांबवायची. मग पेन्सिल हलायची.

आमच्या घराण्याकडे एक वर्णम होतं. वर्णम म्हणजे भरतनाट्यममधली सगळ्यात मोठी रचना, नाचणारीचा आणि नाचवणाऱ्याचा दोघांचा घाम काढणारी. आमचं वर्णम बापाकडून मुलाकडेच जायचं. कागदावर लिहायचं नाही, टेप करायचं नाही. फार झालं तर एखाद्या लाडक्या शिष्येला अरंगेत्रमसाठी द्यायचं. तंजावरला मराठी राजे होते हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या दरबारातून आलेलं म्हणून त्यातले शब्द मराठी आहेत: ‘जा सखे, सांग त्याला, दार उघडेच आहे.’ आजोबांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिसरीत असताना मी त्यांना म्हणालो, “ताता, हे तर आमच्या शाळेतल्या भाषेत आहे!” त्यांनी एक ठेवून दिली. ती देवाची भाषा आहे, म्हणाले. मला त्या वेळी शाळेबद्दल नवा आदर वाटला.

या वर्णमच्या मध्यावर एक लांबलचक जती आहे आणि तिच्यात आजोबांच्या आजोबांची एक खोडी. बोलांचा धबधबा अंगावर येत असतो आणि ऐन जागी एक मात्रा गिळायची. बोल नाही, झांज नाही, मृदंग नाही. नाचणारीने पाय उचलायचा, टाकायचा नाही. पाय अधांतरी, आणि सखी निरोप घेऊन गेलेली. मग पुढच्या बोलावर सगळं पुन्हा कोसळतं. ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी अडकतं. अडकलं नाही तर जती चुकली असं समजायचं. ही जागा सांगून येत नाही. मला ती वडिलांनी पाठीवर थाप मारून मारून शिकवली, आणि गिळायच्या मात्रेला थाप मारायची नाही. ती न पडलेली थाप मला आजही पाठीवर जाणवते.

मी हे वर्णम दिलं निकिता लालवानीला. मुलगी गुणी होती, कष्टाळू होती, यात वाद नाही. पण खरं कारण तिची आई. मिसेस लालवानी गाडीतून उतरत तेव्हा आधी अत्तर उतरायचं. त्या म्हणाल्या, “मास्टरजी, सबकी बेटियाँ वही आयटम करती हैं. मेरी निक्की के लिए कुछ एक्सक्लूझिव्ह चाहिए. जो दुबई में किसीने देखा न हो.”

दुबईतच काय, पृथ्वीवर कुणी पाहिलं नव्हतं. मी फुगलो. मोठं सभागृह, मद्रासहून आणलेला मृदंगवाला, छापील पत्रिकेत माझं नाव आणि त्यापुढे ‘परंपरागत’. या एका शब्दासाठी मी ठोकळाही दिला असता.

शिकवायला सहा-सात महिने लागले. निकिता जागा आकड्यांत पकडायची, वन-टू-थ्री करत. मी म्हणायचो, “मोजू नकोस, अडकू दे.” ती म्हणायची, “सर, कुठे अडकू? व्हिच काउंट?” कोपऱ्यातल्या टेबलावर पेन्सिल थांबायची. बरोबर त्याच जागी. मला दिसायचं. मी बघायचो नाही.

अरंगेत्रमच्या आदल्या दिवशी सभागृहात रंगीत तालीम. मी झांजा घेऊन बसलो, मृदंगवाला शेजारी, समोर निकिता पूर्ण दागिन्यांत. मिसेस लालवानी पहिल्या रांगेत दोन मैत्रिणी घेऊन. कल्याणी विंगेत खाली बसून दागिन्यांच्या पिना डबीत भरत होती. तेव्हा ती दहावीत.

वर्णम सुरू झालं. जती आली. पहिली लय सुटली, दुसरी सुटली. आणि तिसऱ्या लयीत, जिथे धबधबा खाली यायचा तिथे, माझं तोंड उघडं राहिलं आणि आतून काही आलं नाही. काही म्हणजे काही नाही. वडिलांनी थापा मारून भरलेली पाठ कोरी. मृदंगवाला माझ्याकडे बघत पोकळ थापा देत राहिला. निकिताचे डोळे माझ्यावर.

आणि विंगेतून आवाज आला.

कोवळा आवाज, पण एकेक बोल छिन्नीने कापल्यासारखा. जिथे मी तुटलो होतो तिथूनच तिने उचललं. तधिगिणतोम्, तरिकिटतोम्, चढवत चढवत नेलं आणि ऐन जागी गिळलं. निकिताचा पाय हवेत. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा तो पाय खराखुरा अडकला. मग जती कोसळली आणि मृदंगवाला मोठ्याने ओरडला, “सभाष!”

टाळ्या वाजल्या. मिसेस लालवानी उभ्या राहिल्या. “अरे वाह! ये कौन थी? मास्टरजी, आपकी बेटी? वो भी सीखती है?”

कल्याणी विंगेच्या कडेला उभी होती, हातात पिनांची डबी. चेहरा लाल. माझ्याकडे बघत होती. एवढं सरळ माझ्याकडे कुणी बघितलेलं मला आठवत नाही.

“नाही,” मी म्हणालो. “ती शिकत नाही.” आणि तिच्याकडे वळून म्हणालो, “कल्याणी, पिना मोज. एकही हरवता कामा नये.”

ती खाली बसली. तिने पिना मोजल्या.

मृदंगवाला सज्जन माणूस. चहा पिताना मला हळूच तमिळमध्ये म्हणाला, “अण्णा, उद्या पोरीला शेजारी बसवा. झांजा तुमच्या, बोल तिचे. कुणाला काय कळतंय?” मी म्हणालो, आमच्यात बायका झांजेला बसत नाहीत. तो चहा संपवून गेला. मी मात्र हे वाक्य फार रुबाबात म्हटलं होतं. रात्री घरी जाऊन आरशासमोर जती म्हणून पाहिली. दाढीच्या साबणासकट म्हटली. सगळी आली. मनात म्हटलं, झालं, तालमीत थकवा आला असेल.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर, त्याच जागी, तोच कोरा कागद.

मी विंगेकडे पाहिलं. विंगेत नलिनी होती, साडी सावरत. कल्याणी तिथे नव्हती. ती प्रेक्षकांत अगदी शेवटच्या रांगेत जाऊन बसली होती, हात मांडीखाली घालून. मी काय केलं? जे कुठलाही अट्टल भामटा करतो ते. अर्धी जती गिळली आणि थेट शेवटच्या तुकड्यावर उडी मारली. मृदंगवाल्याने सांभाळलं. निकिता एक क्षण चाचपडली, मग हसून पुढे गेली, आणि पाय जमिनीवर आपटत शेवट केला. प्रचंड टाळ्या. कुणाच्या छातीत काही अडकलं नाही. मिसेस लालवानींच्या डोळ्यांत पाणी होतं. स्टेजवर मला शाल दिली आणि माझ्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. त्यांतली एक पाकळी मी गिळली. मला खोकला आला, आणि लोकांना वाटलं गहिवरून आलं.

नंतर बुफे. सगळेजण पनीरच्या रांगेत, आणि कल्याणी गाडीत बसून राहिली. “जेव ना,” मी काचेवर वाकून म्हणालो.

“नॉट हंग्री,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती जती मला कधीच पूर्ण आली नाही. दाढी करतानाही नाही. नेमकं तिथे आल्यावर घसा बंद. वडील गेलेले, भाऊ नाही, कागद नाही, टेप नाही. व्हिडिओ आहे, पण त्यात माझी ती उडी आहे. आजोबांच्या आजोबांचं वर्णम आता एका दहावीतल्या मुलीच्या डोक्यात होतं, जी शिकत नव्हती.

मी युक्त्या केल्या. मी लबाड आहे हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. जेवताना मुद्दाम जती चुकीची म्हणायचो आणि गिळायच्या मात्रेवर ताटाला टिचकी मारायचो. ती दुरुस्त करेल म्हणून. तिची भुवई थरथरायची, इतकंच. “आई, वरण वाढ,” ती म्हणायची.

“अहो, ताट वाजवणं पुरे,” नलिनी म्हणायची. “गळ टाकून बसलायत, पण तो मासा नाही लागायचा.”

एकदा सरळच विचारलं. “कल्याणी, ती जती म्हणून दाखव ना.”

“कुठली?”

“रिहर्सलला म्हणालीस ती.”

“मी पिना मोजत होते, अप्पा.”

“बाळा, ती कुणालाच येत नाही आता.”

“आस्क निकिता,” ती म्हणाली आणि पुस्तकात डोकं घातलं.

निकितालाही विचारलं मी. दोन-तीन वर्षं गेली होती, ती अमेरिकेत शिकायला. तिच्या आईकडून नंबर घेऊन फोन लावला. “सर! हाऊ आर यू! मॉम तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवते.” मी तिला जती पायाने धरून बघ म्हणालो. तिने फोन खाली ठेवून खरंच धरली, लाकडी जमिनीवर पाय वाजत होते. मधलं गायब. व्हिडिओ बघून बघून तिच्या पायांत माझी ती उडीच पक्की बसली होती. “कसं झालं, सर?” तिने धापा टाकत विचारलं. मी म्हटलं, “छान.” लालवानींच्या दिवाणखान्यात तिची घुंगरं काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलीत. खाली पितळी पट्टीवर माझं नाव आहे. स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे.

पुढे क्लास ओसरत गेला. आम्ही अल नहदाच्या टॉवरमध्ये राहायला गेलो तोवर दोन्ही बाजूंना अकॅडम्या निघाल्या होत्या. आरसे, एसी, मुलींना छापील टी-शर्ट. एका आईने मला विचारलं, “आपका सर्टिफिकेट किस इन्स्टिट्यूट का है?” मी म्हणालो, “आजोबांचं.” “वो इन्स्टिट्यूट कहाँ पे है?” मी ठोकळ्यातला खड्डा दाखवला. तिने नम्रपणे मान हलवली आणि मुलीचा हात धरून लिफ्टकडे गेली. हळूहळू ठोकळ्यावर फोन ठेवायची सवय लागली. टेबल झालंच म्हणायचं.

कल्याणी शिकली, तिला दुबईत मरीनाकडे एका कंपनीत नोकरी लागली. तिकडे तेव्हा नुकतेच टॉवर उठत होते, रोज एक क्रेन जास्त दिसायची. तिने सेकंडहँड गाडी घेतली. तिच्याशी माझं भांडण नव्हतं, हे लक्षात घ्या. ती माझ्या बीपीच्या गोळ्या आणायची, वाढदिवसाला केक आणायची. सगळं करायची. मी विचारलेलं तेवढं एक सोडून.

नलिनीच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा आम्ही दोघांनी परत यायचं ठरवलं. निघायच्या आधी सुताराचा व्हिसा रद्द करायचा होता. हसनभाईंचा कारखाना आता दुबईच्या पार पलीकडच्या टोकाला, जबल अलीला होता. कल्याणी म्हणाली, “ऑफिसला जाताना सोडते तुम्हाला.”

सकाळची वेळ. अल नहदातून दुबईकडे जाणारा रस्ता म्हणजे गाड्यांचं गोदाम. इंजिनं चालू, कुणी हलत नाही. बाजूच्या बसमधून साइटवरचे कामगार खिडकीला डोकं टेकून झोपलेले. रेडिओवर कुणीतरी मल्याळीत भराभर बोलत होतं. माझ्या मांडीवर पासपोर्ट. मी बाहेर बघत होतो.

आणि मला ऐकू आलं. म्हणजे आवाज नव्हता फारसा, टिकटिक होती. तिची तर्जनी स्टीअरिंगवर चालली होती. डोळे पुढच्या गाडीच्या दिव्यांवर, मन बहुधा ऑफिसात. बोटालाच काम दिलेलं. तधिगिणतोम्. मी मान वळवली नाही. श्वासही घेतला नाही. पहिली लय, दुसरी. बोट हलकं, स्वच्छ, एकही बोल दुसऱ्यावर न चढणारं. तिसरी लय आली. जिथे माझा घसा बंद होतो ती जागा ओलांडून बोट सहज पुढे गेलं, जणू तिथे काही नव्हतंच. चढत गेलं, चढत गेलं.

आणि बोट वर उचललं गेलं आणि खाली आलं नाही.

माझ्या छातीत अडकलं. बरोबर जिथे अडकायला हवं तिथे.

त्या एका मात्रेत मी तिच्याकडे बघितलं. बघायला नको होतं. तिने माझं बघणं बघितलं. बोट तसंच हवेत.

“कल्याणी,” मी म्हणालो, “परत एकदा.”

“काय परत?”

“आत्ता वाजवलंस ते.”

“मी?” तिने समोर बघितलं. “नथिंग, अप्पा. ट्रॅफिक.”

“बाळा, मी शिकवतो तुला. नाही, तू मला शिकव. कुणी ऐकत नाहीये इथे.”

ती हसली असं मला वाटलं. आत्याआजीचा फोटो असता तर ताडून पाहिलं असतं. पण आमच्याकडे बायकांचे फोटो नाहीत. तिने रेडिओचा आवाज वाढवला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. रांग एक गाडीभर पुढे सरकली.

तिने दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट धरले, बोटं आत मिटून. जबल अलीपर्यंत ती उघडली नाहीत.